वीलचं वली

मस्कतच्या रुवी भागात एक गृहस्थ राहतात. तोंडावर आम्ही त्यांना भाऊ म्हणतो आणि पाठ फिरली की गॅझेटियर. पन्नाशी उलटलेला, पैसे बदलून देणाऱ्या एका एक्स्चेंजच्या काउंटरमागे बसणारा, अंगाने काडी, पण जिभेवर अख्खं कोकण वागवणारा माणूस. तुम्ही विमानतळावरून टॅक्सीने रुवीत उतरा, बॅग अजून डिकीत असेल, तेवढ्यात हा कुठूनतरी उगवून विचारणार, "गाव कुठलं?" मुंबई म्हणालात तर हसणार. "ते राहायचं हो. मूळ गाव?" आणि मूळ गाव सांगितलंत की संपलात.

कारण त्या गावाचा भूगोल आणि इतिहास गॅझेटियरला तोंडपाठ असतो, आणि त्यात चांगलं काहीच नसतं. "हां, ते होय? तिथल्या विहिरी मार्चला आटतात, म्हणून माणसं तुसडी." "ते? तिथल्या ग्रामदेवतेने कौल द्यायचं बंद केलंय, कंटाळली बिचारी." "तुमच्या गावात होळीचं लाकूड शेजारच्या गावातून चोरतात. चोरायला हरकत नाही, पण तुमचे लोक पकडले जातात." एका इलेक्ट्रिशियनला स्वतःच्या गावाबद्दल इतकं ऐकावं लागलं की त्याने पुढची सुट्टी घरी न जाता केरळात काढली. हे मी पाहिलेलं नाही, पण खोटं असण्याचं कारण दिसत नाही.

हा माणूस मला आवडत नव्हता, असं मी सौम्यपणे सांगतोय. भर जूनमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं स्टिअरिंग हाताला जितकं आवडतं, तितकाच तो मला आवडायचा.

आता दुसरा माणूस. समुद्राचं खारं पाणी गोडं करणारा एक प्रकल्प मस्कतच्या पश्चिमेला आहे, तिथे मी देखभालीचं वेळापत्रक सांभाळतो. कुठला पंप कधी बंद, कुठली झडप कधी उघडायची, हे मी ठरवतो आणि मस्कत पाणी पितं. मी एक आठवडा आजारी पडलो तर सुलतानांच्या राजवाड्यातसुद्धा आंघोळ बादलीने होईल, असं मी घरी सांगत आलोय. तर तिथला माझा साहेब फ्रेंच. उंच, लालबुंद, आणि ज्याला स्वतःच्या गावाखेरीज दुसरा विषय नाही असा.

चहाच्या वेळी सुरू. फ्रान्सच्या ईशान्येला त्याचं गाव. एवढंसं. टेकडीवर वसलेलं, खालून नदी घोड्याच्या नालासारखी वळलेली, म्हणजे तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूने रस्ता. पिवळसर दगडाची घरं, एकमेकांना खांदे लावून उभी. वर देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च. त्याची मोठी घंटा लढाईत शत्रूने काढून नेली आणि वितळवून तोफा ओतल्या. पूर्वी उतारावर द्राक्षांचे मळे होते, मग मुळांना कीड लागली आणि सगळे मळे बसले. माणसं शहरात गेली. चौकात एक दगड, त्यावर महायुद्धात गेलेल्या पोरांची नावं. सरहद्द जवळ, त्यामुळे साहेबाच्या पणजीने अंगण न ओलांडता देश बदलला, आणि मग पुन्हा बदलला. आता गावात शाळा बंद, दुकान बंद, पाववाल्याची गाडी येते ती आठवड्यातून दोनदा, तीही भोंगा वाजवून.

हे सगळं मी किती वेळा ऐकलं असेल? वाळवंटात पाऊस पडेल पण त्याच्या चहात गाव पडलं नाही असा दिवस नाही. त्या गावाचा मला असा राग यायचा की स्वप्नात मी त्या नदीवर बांध घालून ते बुडवायचो. एकदा मी म्हणालो, साहेब, असं गाव तर आमच्याकडे प्रत्येक खाडीला आहे. साहेबाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या पणजीला शिवी दिली. आणि मी गावाचं नाव उच्चारलं की दुरुस्त करायचा. फ्रेंच माणूस नावातली निम्मी अक्षरं लिहितो आणि बोलताना गिळतो, मग जो गिळत नाही त्याला अडाणी म्हणतो. त्या नावाच्या शेवटी 'वील' होतं, एवढंच मला धड म्हणता यायचं.

ही दोन माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत. पण माझ्या मुलीचं लग्न त्या दोघांच्या मध्ये येऊन अडकलं.

मुलगी माझी इथलीच. इथे जन्मली, इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकली, आता रुवीतच दातांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. मराठी बोलते, पण परक्या घरात चालल्यासारखी, जपून. तिने तिचं जमवलं होतं. मुलगा ओमानमध्येच, सोहारला नोकरीला, सरळ, हसरा, आपल्याच मराठी मंडळातल्या एका घरातला. आमचं काही म्हणणं नव्हतं. त्याच्या आईचंही नव्हतं. त्याचे वडील मात्र जुन्या वळणाचे. मत्रह बंदरातल्या एका जहाज कंपनीच्या ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस, कंटेनर उघडून पाहिल्याशिवाय सही न करणारा. ते म्हणाले, मुलगी चांगली आहे, पण चौकशी करायला हवी.

आता चौकशी म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. मुलीला कोणी काही विचारत नाही. गावाला विचारतात. आणि इथे मस्कतमध्ये गावाला विचारायचं तर गाव हजार मैल लांब, म्हणून गॅझेटियरला विचारतात. इथे किती तरी लग्नं त्याच्या एका वाक्यावर जमलीत आणि मोडलीत, मोडलीतच जास्त.

त्याने माझ्या गावाबद्दल मुलाच्या वडिलांना एकच वाक्य सांगितलं. "त्या गावातल्या मुली नांदत नाहीत."

झालं. दोन दिवसांनी फोन केला तर वडिलांचा आवाज फ्रीजमधून काढलेला. बघू म्हणाले. घाई काय आहे म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, इन्शाल्ला. इथे राहून एक शिकलोय: अरबाने इन्शाल्ला म्हटलं तर काम होण्याची आशा असते, मराठी माणसाने म्हटलं की खलास.

घरी बातमी कशी सांगायची हे ठरवेपर्यंत ती मुलाकडून मुलीपर्यंत पोचली होती. जेवताना तिने ताट सरकवलं आणि विचारलं, "पप्पा, नांदणं म्हणजे काय?"

मी म्हणालो, सासरी सुखाने राहणं.

"म्हणजे मला घरात राहता येत नाही, असं म्हणतायत ते?" ती म्हणाली. "मी त्या गावात टोटल किती राहिलेय? आजीकडे सुट्टीत. आणि तेव्हाही मला जुलाब झाले होते."

बायको माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं की हे तुमच्या गावाचं आहे, तुम्हीच निस्तरा. तिचं माहेर नागपूरकडचं, तिथे गॅझेटियरची हद्द संपते.

खरी गोष्ट अशी की माझी एक आत्या सासरहून परत आली होती. नवरा दारू पिऊन मारायचा, म्हणून आजोबा स्वतः बैलगाडी घेऊन गेले आणि तिला घेऊन आले. पुढे ती गावच्या शाळेत शिकवायची, आणि अजूनही गावातला प्रत्येक म्हातारा तिच्या छडीची आठवण सांगताना हात चोळतो. गॅझेटियरने एका आत्याच्या 'मुली' केल्या. अनेकवचन करायला त्याला काही खर्च पडत नव्हता.

मग मी जाऊन मुलाच्या वडिलांना खरं का सांगितलं नाही? सांगितलं की. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही सांगता ते खरं असेलही." हे 'असेलही' मला लागलं. अडचण अशी होती की मस्कतच्या मराठी मंडळात माझं बोलणं कोणी रोख धरत नाही. गणपतीत मी एकदा सांगितलं होतं की आमच्या गावच्या विहिरीत असा मासा आहे की त्याला गावचे लोक नावाने हाक मारतात आणि तो वर येतो. ते खरं आहे, अर्धं. पण तेव्हापासून मी काहीही म्हणालो की लोक विचारतात, मासा कसा आहे. माझा सत्याचा भाव पडलेला होता आणि गॅझेटियरच्या थापेचा चढलेला. ही बाजी सत्याने जिंकता येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी चहाला मी साहेबाकडे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन विचारलं, साहेब, तुमच्या गावाबद्दल सांगा ना. साहेबाचे डोळे पाणावले. मला वाटलं, हा आता मला मिठी मारणार. मी सगळं नीट विचारून घेतलं. नदी कुठून येते, घंटा कधी गेली, मळ्यांना कीड कशी लागली, लग्नाचं वय झालेलं घरात कोणी आहे का. एक भाचा आहे म्हणाला, नदीच्या वरच्या अंगाला राहतो, लग्न व्हायचंय. मी म्हणालो, उत्तम. त्याने मोबाइलवर फोटोही पाठवले. जाताना माझ्या पाठीवर थाप मारली, ती अजून दुखते.

शुक्रवारी आम्ही दोघं, मी आणि बायको, मुलाच्या घरी गेलो. बायकोला मी काही सांगितलं नव्हतं. मुलाच्या वडिलांनी गॅझेटियरला बोलावून ठेवलं होतं, माझ्यासमोरच सोक्षमोक्ष व्हावा म्हणून. तो सोफ्यावर पाय दुमडून बसला होता, समोर कांदेपोह्यांची बशी रिकामी. मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. मला चहा दिला तोही तिने, नाइलाजाने द्यावा लागतोय असा, कप बशीवर आपटून.

माझ्या गावाचा विषय निघायच्या आत मी हात जोडले. म्हणालो, भाऊ, तुमचा निकाल मला मान्य आहे. पण आलोच आहे तर एक दुसरं काम करा. माझ्या ऑफिसात एक वरिष्ठ आहेत, त्यांच्या भाच्यासाठी मुलगी बघायची म्हटली तर त्यांच्या गावाची चौकशी कोणाकडे करायची? तुमच्याशिवाय आहेच कोण? आणि त्या नावातला 'वील' काढून मी तिथे 'वली' बसवलं, आधीची फ्रेंच अक्षरं मराठी पाण्यात जरा ओली केली, आणि गाव कोकणात आणून ठेवलं. लक्षात घ्या, मी एक शब्द खोटा बोललो नाही. वरिष्ठ खरे, भाचा खरा, गाव खरं. फक्त वीलचं वली झालं. कोकणात इतक्या वल्या आहेत, त्यात एक जास्त.

गॅझेटियरने डोळे मिटले. हे तो नेहमी करतो, नकाशा उघडतो म्हणे.

"राजापूरच्या वर," तो म्हणाला. "आत आहे जरा."

मी म्हणालो, नदी आहे म्हणतात.

"आहे ना. तीन बाजूंनी नदी."

हे मात्र मी त्याला सांगितलेलं नव्हतं, आणि क्षणभर मला वाटलं की या हलकटाला खरंच माहीत आहे. मग आठवलं, कोकणात नदी म्हटली की वळण घेणारच, त्याने अंदाज मारला होता. मी पुढे सरकलो. म्हणालो, देवळाची घंटा म्हणे शत्रूने नेली, तोफा ओतायला, आणि बागा किडीने गेल्या.

"नेली कसली, विकली," गॅझेटियर म्हणाला. "गावकऱ्यांनीच. माझ्या चुलत आजोबांसमोर सौदा झाला. आणि बागांना कीड लागली ना, ती त्यानंतरच. देवीचा कोप."

मुलाचे वडील मान हलवत ऐकत होते. मी विचारलं, मुलगी द्यायला कसं आहे गाव?

"माझी मावसबहीण दिली होती तिथे," तो म्हणाला. "परत आली."

"का?"

"तीन बाजूंनी पाणी हो. मुलगी चौथ्या बाजूने पळणार नाहीतर काय करणार? त्या गावात बाहेरची नांदत नाही आणि तिथली बाहेर नांदत नाही. मी स्वतः गेलोय समजूत घालायला. पुढच्या अंगणात फणस आहे."

मी मोबाइल काढला आणि फोटो लावून मुलाच्या वडिलांच्या हातात दिला. म्हणालो, हेच ते गाव, बघा. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. फोटोत गावाच्या वेशीवरची पाटी होती, फ्रेंच अक्षरांत, मागे टेकडी, टेकडीवर चर्चचा मनोरा, आणि सगळ्यावर हातभर बर्फ.



"हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. फ्रान्स. माझ्या साहेबाचं गाव. आणि पुढचा फोटो सरकवला, त्यात साहेबाचा भाचा गुडघाभर बर्फात उभा राहून दात काढत होता.

मुलाच्या वडिलांनी मोबाइल गॅझेटियरपुढे धरला. "भाऊ, राजापूरला बर्फ कधी पडला?"

आता सांगतो, या माणसाचा मी आजन्म द्वेष करीन, पण एका गोष्टीसाठी त्याला सलाम आहे. त्याने फोटो पाहिला, शांतपणे पाहिला, आणि म्हणाला, "हवामान बदललंय हल्ली."

मी हसलो. मोठ्याने हसलो. ती चूक झाली, कारण मुलाचे वडील हसत नव्हते. ते उठून उभे राहिले आणि त्यांचा राग गॅझेटियरला वळसा घालून थेट माझ्यावर आला. म्हणाले, त्याने थाप मारली ती मारली, त्याचा स्वभावच आहे. पण तुम्ही घरून रचून आलात. माझ्या घरी, माझा चहा पिऊन, मला मूर्ख बनवलंत. असल्या माणसाच्या घरी मी मुलगा देणार नाही.

मुलगा देणार नाही, असंच म्हणाले. मी म्हणालो, मग तुम्ही माझ्या मुलीला एका थापेवर नाकारलंत ते चाललं का? ते म्हणाले, आवाज खाली. मी म्हणालो, माझा आवाज असाच आहे, गावातूनच आणलाय. गॅझेटियर मध्येच म्हणाला, मी निघतो. दोघंही एका सुरात त्याला म्हणालो, बसा. तेवढंच आमचं एकमत.

बायकोने माझी बाही ओढली, पण ते समजुतीचं ओढणं नव्हतं, घरी गेल्यावर बघते असं होतं. मी साहेबाचं गाव आणलं, नदी आणली, घंटा आणली, बर्फ आणला, आणि मुलीचं लग्न मोडून निघालो होतो.

तेव्हा मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारातून आत आली. ती माझ्याकडे वळली, चेहऱ्यावर काही प्रेम नव्हतं.

"तुमची मुलगी तुमच्यासारखीच थापा मारते का?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "नाही. ती माझ्यावर गेलीय."

"मग झालं," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, ज्याच्या शब्दावर तुम्ही ही पोर नाकारत होतात, त्याची मावसबहीण फ्रान्सला नांदायला गेली होती. अंगणात फणस होता म्हणे. अजून कोणाला विचारायचंय का?"

नवरा म्हणाला, प्रश्न तो नाही, प्रश्न या माणसाचा आहे. ती म्हणाली, या माणसाशी लग्न लावायचंच नाहीये. मग गॅझेटियरसमोरची रिकामी बशी उचलली आणि म्हणाली, "भावोजी, तुम्ही आता या. पोहे संपले." असं इतक्या गोड आवाजात कोणाला घराबाहेर काढलेलं मी मस्कतमध्ये पाहिलं नाही. गॅझेटियरने चपला घातल्या. दारात थांबून मला म्हणाला, "साहेबांच्या भाच्याला सांगा, राजापूरची एक चांगली मुलगी आहे." आणि गेला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा टॅक्सीतून उतरणाऱ्यांना गाव विचारत होता.

मुलाचे वडील खिडकीकडे तोंड करून उभे होते. मागे न वळताच त्यांनी अटी सांगितल्या. लग्न इथेच, मस्कतला. खर्च निम्मा निम्मा. आणि लग्नात मी माइक हातात घ्यायचा नाही. भाषण नाही, आभार नाही, दोन शब्दही नाहीत.

मी म्हणालो, मुलीचा बाप आहे मी.

"म्हणूनच," ते म्हणाले.

मी कबूल केलं. त्यांनी हात पुढे केला नाही, मीही केला नाही. त्यांच्या बायकोने मात्र माझ्या बायकोच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि दोघी स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात काहीतरी ठरवू लागल्या, ज्यात आम्हा दोघा बापांना जागा नव्हती. आम्ही दोघं बाहेर बसलो. त्यांनी टीव्ही लावला. मी टीव्ही पाहिला.

बायकोबरोबर जिना उतरताना माझा फोन वाजला. मुलगी दवाखान्यातूनच फोन करत होती, मागे दाताच्या मशीनचा आवाज येत होता. काय झालं, तिने विचारलं. आता इथे माझ्यासारख्या माणसाने काय काय सांगायला हवं होतं. नदी, घंटा, बर्फ, फणस, गॅझेटियरचा चेहरा. सगळं घशापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"जमलं," मी म्हणालो.

पलीकडे मशीन थांबलं.

"पप्पा," ती म्हणाली, "आईला फोन दे."

दिला.